भरून दिलेले नग

ओतीव लोखंडाला आमच्याकडे बीड म्हणतात, आणि बिडाचा नग कोल्हापुरात सहसा टाकून देत नाहीत. वितळलेला रस वाळूच्या साच्यात ओतला की कुठेतरी हवा अडकते आणि नग थंड झाल्यावर त्याच्या अंगावर एखादं भोक निघतं. पुस्तकात त्याला दोष म्हणतात. उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, त्याला काम म्हणत. भोक भरणारा माणूस प्रत्येक फाउंड्रीत असे आणि आमच्या फाउंड्रीतला त्या सगळ्यांचा गुरू समजला जाई. त्यांना सगळे मामा म्हणत. बिडाचा बारीक कीस, नवसागर, चिमूटभर गंधक आणि आणखी काहीतरी, जे ते कुणाला सांगत नसत, असा मसाला ते तुपाच्या जुन्या डब्यात कालवत. तो भोकात ठासून दोन दिवस ठेवला की गंजून लोखंडाशी लोखंड होई. मग कानशीने घासायचं आणि वर तेलाचं बोट फिरवायचं. मालक पाहुण्यांच्या हातात पंपाचं भांडं देऊन भोक शोधायला लावत. पाहुणे हरत. मामा कोपऱ्यात विडी ओढत उभे असत आणि मुद्दाम दुसरीकडे बघत.

यात फसवणूक आहे असं मला तेव्हा वाटत नसे. उसाच्या चरकाच्या बैठकीला किंवा विहिरीवरच्या पंपाला त्या भोकाशी काही देणंघेणं नसतं. शेतकऱ्याला नग स्वस्त पडे आणि तो वीस वर्षं चाले. मी तिथे तपासणीला होतो. नग बघायचा, मापं घ्यायची आणि कागदावर सही करायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इंजिनांची कामं घटली आणि मालकांनी खटपट करून लष्कराचं काम मिळवलं. मॉर्टर नावाची एक आखूड तोफ असते, खरं तर जाड नळीच. तिच्या बॉम्बच्या पोकळ बॉड्या आम्ही ओतायच्या होत्या. आकार साधारण दुधी भोपळ्यासारखा, खाली निमुळता. आम्ही ओतून, लेथवर कातून, तपासून पाठवायचं. पुढे दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सरकारी कारखान्यात त्यात दारू भरली जाई आणि तिथून तो बॉम्ब पलटणींकडे जाई.

पहिल्या भट्टीच्या दिवशी आवारात मांडव घातला होता. एका पुढाऱ्याने नारळ फोडला आणि कोल्हापूरच्या मातीतच शौर्य असल्याचं सांगितलं. मातीबद्दल माझी माहिती वेगळी होती. आमच्या साच्यांची वाळू बाहेरून ट्रकने येई, तिच्यात ओल जास्त असे आणि भोकं त्यामुळेच पडत. पण ही मांडवात सांगायची गोष्ट नव्हती. खंडेनवमीला इतर हत्यारांबरोबर बॉम्बच्या बॉड्याही ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं जाई. आमच्या घरात छप्पन सालापासून पूजा बंद, त्यामुळे त्या दिवशी मी पेढे वाटायचं काम मागून घेत असे. झेंडूच्या माळा घातलेल्या त्या बॉड्या लग्नाला आलेल्या बुटक्या पाहुण्यांसारख्या दिसत.

नव्या कामाबरोबर एक निवृत्त सुभेदारही आले. ते मलकापूरच्या पुढचे, शाहूवाडीतल्या एका डोंगरवाडीचे. मालकांनी त्यांना फाटकावर उभं केलं होतं, छातीवर पदकं लावून, येणाऱ्याजाणाऱ्यावर छाप पडावी म्हणून. आठ दिवसांत ते मालकांना म्हणाले की सलाम ठोकायला बँडवाला ठेवा, मी बावीस वर्षं हीच नळी चालवली आहे. तेव्हापासून ते माझ्याबरोबर तपासणीला बसू लागले. मला ते ‘पावणं’ म्हणत. लष्कराबाहेरचा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी पाहुणा होता. त्यांचा मुलगा त्यांच्याच पलटणीत, त्याच मॉर्टरच्या तुकडीत होता. आमच्या बॉड्यांवर ते खडूने खूण करत तेव्हा ही गोष्ट त्यांच्या डोक्यात असणारच. बोलून मात्र त्यांनी ती एकदाच दाखवली. एक बॉडी हातात तोलत म्हणाले, “ह्ये शेवटी कुणाच्या तरी पोराच्या हातात जातंय. माजाच असंल तर काय सांगावं.”

युद्धाबद्दल मी जे काही वाचलं होतं ते जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेल्या जाडजूड ग्रंथांतून. त्यात बाण काढलेले नकाशे असत. सुभेदार जेवणाच्या सुट्टीत साच्याच्या ओल्या वाळूत बोटाने डोंगर काढत आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यावर शत्रू बसवत. पायदळ वर चढतं. मागून आपल्या मॉर्टरचा मारा शत्रूच्या डोक्यावर चालू असतो, म्हणून तो खाली मुंडी घालून बसतो. मारा थांबला की तो मुंडी वर काढणार आणि बंदूक उचलणार. तेव्हा मारा थांबणं आणि आपण वर पोचणं यांत जितका कमी वेळ जाईल तितकी माणसं जगतील. म्हणजे आपल्याच गोळ्यांच्या अगदी मागे लागून चढायचं. नियमाच्या पुस्तकात अंतर दिलेलं असतं. डोंगरावर ते अंतर कुणी पाळत नाही, कारण पाळणारा मरतो.

“आन् गोळा आखूड पडला तर?” मी त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत विचारलं.

“तर आपलाच. पर भ्याचं कारन त्ये न्हवं पावणं,” ते म्हणाले, आणि त्यांनी बॉडी उलटी धरली. बॉम्ब नळीच्या तोंडातून हाताने आत सोडतात. तो तळाला आपटला की शेपटातली दारू पेटते आणि तिचा वायू त्याला वर फेकतो. बॉडीला मोहरीएवढं भोक असलं तरी तो तापलेला वायू आत शिरतो. मग बॉम्ब डोंगरावर जात नाही. तो नळीतच फुटतो, आणि नळीला दोन्ही बाजूंनी टेकून आपली पोरं बसलेली असतात.

मला माझ्या ग्रंथांतली एक गोष्ट तेव्हा नीट कळली. पहिल्या महायुद्धात विलायतेत तोफगोळ्यांचा तुटवडा पडला, वर्तमानपत्रांनी ओरड केली, सरकारने दिसेल त्या कारखान्याला काम वाटलं. गोळ्यांचे ढीग लागले, मंत्र्यांचे फोटो निघाले. त्यातले पुष्कळ गोळे शत्रूवर पडून फुटलेच नाहीत आणि काही आपल्याच तोफांत फुटले. ग्रंथकाराने हे एका परिच्छेदात उरकून पुन्हा सेनापतींच्या स्वभावाकडे वळण घेतलं होतं. फार लांब जायलाही नको. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन आले होते, ते काही कुणाच्या शौर्यावर भाळून नव्हे. शस्त्रं पुरवणारा नेहमी दोन दिवसांच्या वाटेवर राहतो. आम्ही त्याहून बरेच लांब होतो.

म्हणून बॉड्यांची तपासणी कडक होती. प्रत्येक बॉडीत हवा भरून ती पाण्याच्या टाकीत बुडवायची. बुडबुडा आला की नग बाद. बाद नगावर लाल पट्टा मारून तो भिंतीशी टाकायचा आणि सरकारी तपासनीस आले की त्यांच्यासमोर फोडायचा. ते आपल्या शिक्क्याचा ठोसा मारत आणि दर खेपेचे थोडे नग क्ष-किरणाच्या तपासणीला घेऊन जात. ते कुठले नेतील तो नशिबाचा भाग.

मामांना हा प्रकार बघवत नसे. एकदा त्यांनी फोडायला काढलेली एक बॉडी उचलून पोटाशी धरली आणि मला म्हणाले, “सायेब, येवढुसं भोक. ह्येच्यासाटी जीव घ्यायचा व्हय त्येचा?” मी त्यांना सुभेदारांनी सांगितलेलं सगळं समजावून सांगितलं. ते मान हलवत होते. मला वाटलं त्यांना पटलं. आता वाटतं, लग्नाचं बोलणं चाललं असताना बहिरा माणूस हलवतो तशी ती मान होती.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात वाळू फार वाईट आली आणि बाद नगांचा ढीग खिडकीला लागला. मालकांनी कुणाला काही म्हटलं नाही, पण ते रोज त्या ढिगापाशी येऊन मुकाट उभे राहत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मी वाळू वाळवण्याची एक नवी पद्धत सुचवली. महिन्याभरात बुडबुडे थांबले. ढीग ओसरला. तपासनीस खूश झाले, कारखान्याला ढाल मिळाली आणि ढाल स्वीकारण्याच्या कार्यक्रमात मालकांच्या आग्रहावरून मी ओल्या आणि सुक्या वाळूवर वीस मिनिटं बोललो. पहिल्या रांगेत बसलेले मामा मनापासून टाळ्या वाजवत होते.

पुढच्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई सुरू झाली. शहरात मोर्चे निघाले, चौकाचौकांत फलक लागले, रक्तदानाला रांगा लागल्या. आमच्या फाटकावरही ‘आम्ही जवानांच्या पाठीशी’ असा कापडी फलक आला. मालकांनी कारखाना सोमवारच्या सुट्टीलाही चालू ठेवला. सुभेदारांनी बोलणं कमी केलं. सकाळी ते वर्तमानपत्र पहिल्या पानापासून न वाचता आतल्या पानावरच्या लहान बातम्यांपासून वाचत. मुलाची पलटण वर गेली आहे एवढंच त्यांना कळलं होतं. दुपारी ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन येत, आणि परत आल्यावर कुणी काही विचारत नसे.

जूनमधल्या अशाच एका दुपारी मामा त्यांच्याजवळ जाऊन बसले. मी टाकीपाशी होतो, चार हातांवर. मामांनी विडी पुढे केली, सुभेदारांनी नको म्हटलं. मग मामा, एखाद्याच्या घरी आजारपणात दूध नेऊन द्यावं अशा आवाजात म्हणाले, “सुभेदार, काळजी करू नगा. पोराला माल कमी पडू दिला न्हाय म्या. तुमी भित्तीला टाकल्याली समदी म्या भरून दिली की.”

सुभेदारांनी त्यांच्याकडे पाहिलं. “कवा?”

“थंडीत. सोमवारी यायचो. भित्तीची झाली, मंग नवी टाकीत जायच्या आदीच भरली. वाच्यता केली न्हाय कुटं. लाल पट्टा राकेलनं निगतो.”

टाकीतल्या पाण्याकडे बघत मी उभा होतो. बुडबुडे थांबले होते ते वाळूमुळे नव्हे. मामांचा मसाला हवेला पक्का पुरत होता, तो पाण्याच्या टाकीत हार जाणार नव्हता. माझं वीस मिनिटांचं भाषण आणि त्यांच्या टाळ्या मला एकदम आठवल्या. त्या टाळ्यांत उपहास नव्हता. आपण दोघांनी मिळून निभावलं असंच त्यांना वाटत असणार.

किती नग भरले, हे त्यांना सांगता येईना. चांगल्या कामाची मोजदाद त्यांनी आयुष्यात ठेवली नव्हती. मात्र पाठवायच्या नगांमध्ये एक भरलेला अजून होता आणि तो त्यांनी बरोबर काढून दिला. आम्हा दोघांना तो ओळखता आला नसता. मी बॉडी शेगडीवर ठेवून तिच्यावर गॅसची ज्योत धरली आणि लाल व्हायच्या आतच ती पाण्यात बुडवली. सुस्स आवाज झाला आणि तळाला वाटाण्याएवढा एक काळा खडा पडला. सुभेदारांनी बाही वर न करता हात पाण्यात घातला, तो खडा काढला आणि खिशात ठेवला. मामा त्या भोकाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “ह्ये येवढं तापतं व्हय तिथं?”

मालक वाईट माणूस नव्हते. सगळं ऐकून ते म्हणाले की कळवलं तर मामा तुरुंगात जातील आणि कारखान्याला कुलूप लागेल, दोन दिवस विचार करू. सुभेदार उभेच होते. “दोन दिसांत पलटण येक डोंगर चढती, मालक,” ते म्हणाले. मालकांनी माझ्याकडे पाहून मान खाली घातली. तेवढीच परवानगी मिळाली.

पत्र मी लिहिलं. मला लिहिता येतं असा माझा समज होता. अमुक खेपांतील काही नगांवर भरणी झाली असल्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, असं काहीसं लिहून मी ते सुभेदारांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

“पावणं, आसला हुकूम कोन लिवतंय म्हाईत हाय का? ज्याला डोंगर चढायचा नसतोय त्यो.” एवढंच ते बोलले, आणि तिथेच बसून राहिले.

मी कागद फाडला. दुसऱ्यांदा लिहिलं की या खेपांतले बाद नग भरून पाठवले गेले आहेत, ते नळीत फुटू शकतात, तपासणीची सही माझी आहे, या खेपा ताबडतोब थांबवाव्यात. भरणारा माणूस कोण ते लिहिलं नाही. सुभेदारांनीही ते मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊन मी ते पत्र त्या सरकारी कारखान्याच्या कचेरीत दिलं. तिथल्या कारकुनाने ते सभ्यपणे घेतलं, शिक्का मारला आणि पोच देताना विचारलं की तक्रार आहे की सूचना. मी म्हटलं, दोन्ही नाही. त्याने थोडा विचार करून ‘इतर’ लिहिलं.

जुलै संपला. लढाई जिंकल्याचे फटाके वाजले. सुभेदारांचा मुलगा जिवंत असल्याचा फोन बूथवर आला. दिवाळीच्या आधी तो रजेवर आला तेव्हा मालकांनी पुन्हा मांडव घातला. ते भीतीपोटी की आनंदापोटी, मला ठरवता आलं नाही. त्यांनाही आलं नसावं. शाल, श्रीफळ, तोच पुढारी, तीच माती. मुलगा काटक आणि अबोल होता. उजव्या कानाने त्याला कमी ऐकू येत होतं, त्यामुळे सत्काराचं भाषण चालू असताना तो सारखा चेहरा वळवून बघत होता आणि लोकांना तो विनय वाटत होता. बोलायला उभं केल्यावर त्याने ‘सगळ्यांचे आभार’ एवढंच म्हटलं.

नंतर तो तपासणीच्या खोलीत आला. वडील, मी आणि दाराशी मामा. सुभेदारांनी त्याला सरळ विचारलं नाही. कान कशाने गेला एवढंच विचारलं.

तो सांगू लागला. त्यांच्या शेजारची नळी फाटली. तिच्यावरची दोघं जाग्यावर गेली, एक मलकापूरकडचाच. कशानं फाटली? “कुनाला सांगता यायचं न्हाय आबा. वरनं त्येंचंबी पडतच हुतं.” बॉम्बवरचा खेपेचा नंबर बघितला का, सुभेदारांनी विचारलं. मुलगा पहिल्यांदाच किंचित हसला. “थंडीनं बोटं हालत न्हवती. नंबर कोन बगतंय?” मग वडिलांच्या तोंडाकडे बघून त्याने विचारलं, “का वो?”

सुभेदारांचा हात खिशाकडे गेला होता. तो त्यांनी तसाच ठेवला. “काय न्हाय,” ते म्हणाले. “सवयीनं इचारलं.”

मी दाराकडे पाहिलं तेव्हा मामा तिथे नव्हते.

माझ्या पत्राला उत्तर त्यानंतर पंधरा दिवसांनी आलं. तीन ओळींचं. सदर खेपा वितरित होऊन वापरल्या गेल्या आहेत. सदर खेपांबाबत कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे. मालकांनी ते दोनदा वाचलं आणि डोळे पुसले. मी ते सुभेदारांना दाखवलं. त्यांनी ‘तक्रार’ या शब्दावर बोट ठेवलं आणि कागद परत दिला. त्या महिनाअखेरीस ते नोकरी सोडून वाडीला गेले. जाताना त्यांनी मामांना रामराम केला, मामांनी मान वर केली नाही. तो खडा त्यांनी बरोबर नेला की कुठे टाकला, मला माहीत नाही. मुलगा पुढे चार-पाच वर्षांनी निवृत्त होऊन गावी भातशेती करू लागला असं कानावर आलं. त्याला वडिलांनी कधी सांगितलं असेल असं वाटत नाही.

लष्करी काम त्यानंतर वर्षभरात दुसरीकडे गेलं. आम्ही पुन्हा पंपाची भांडी ओतू लागलो आणि मालकांनी मामांना पुन्हा मसाल्याचा डबा काढायला सांगितलं. डबा कोरडा पडला होता. मामा आता भांडं उजेडात धरत, नखाने खरवडत, कानाशी नेऊन हातोडीने टिचकी मारत आणि मग अंगणात नेऊन फोडत. ज्याच्यात मोहरीएवढं भोक असेल तेही. पुढे पुढे ज्याच्यात भोकच नसेल तेही. एका दुपारी त्यांनी सहा धडधाकट भांडी फोडली. मी जवळ गेलो तर म्हणाले, “आत आसंल सायेब. दिसत न्हाय म्हंजी न्हाय, आसं आसतंय व्हय?”

संध्याकाळी मालकांनी मला बोलावून ते तुकडे दाखवले आणि विचारलं की हे नग कशासाठी बाद केले. तुकड्यांच्या कडा स्वच्छ, राखाडी, चकचकीत होत्या. इतकं चांगलं बीड आम्ही क्वचितच ओतलं असेल. मी बाद मालाची वही उघडली, सहा नगांपुढे कारण लिहिलं, ‘भोक’, आणि खाली सही केली.